रस्त्याने येणारा विषाणू, घरात साठलेला धूर

२०२१ च्या फेब्रुवारीत करोना आता सरला, अशी सगळ्यांचीच समजूत झाली होती. बाजार उघडे होते, अडलेली लग्नं उरकली जात होती. जानेवारीच्या १५ तारखेला राज्यातल्या सुमारे १४ हजार ग्रामपंचायतींचं मतदान पार पडलं होतं. फेब्रुवारीत मात्र रुग्णांचे आकडे पुन्हा चढू लागले आणि ते आधी चढले विदर्भात. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा अशी नावं रोज बातम्यांत येऊ लागली. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. मोठ्या शहरात साथ पेटते आणि तिची झळ उशिरा, थोडी निवून खेड्यांपर्यंत पोहोचते, ही पहिल्या वर्षातली समजूत त्या एका महिन्यात खोटी ठरली.

२४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं, की महाराष्ट्रातून तपासलेल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत विषाणूच्या काटेरी प्रथिनामध्ये ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल एकत्र सापडले आहेत. वर्तमानपत्रांनी त्याला 'डबल म्युटंट' म्हटलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने त्या दुसऱ्या लाटेतल्या नमुन्यांची जनुकीय मांडणी वाचली. विदर्भातल्या त्या उसळीत दिसलेला वंश आणि ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ज्याला 'डेल्टा' नाव दिलं तो वंश, हे दोन्ही एकाच घराण्यातले. पुढे डेल्टा जगभर गेला. जगाला हादरवणाऱ्या त्या घराण्याची चाहूल देणाऱ्या जिल्ह्यांत बुलढाणाही होता, याची आठवण आज फार थोड्यांना आहे.

मग शहरातली साथ म्हणजे नक्की कुठली साथ? बीबीचंच उदाहरण घ्या. बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातलं हे बाजारपेठेचं गाव. नागपूरहून मेहकर, सुलतानपूर करत जालना आणि छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता गावातून जातो. या भागातून आता समृद्धी महामार्गही गेला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा, असा मिळून ७०१ किलोमीटरचा हा रस्ता पूर्ण झाला. पुण्यात कंपनीत लागलेला मुलगा रात्री गाडीत बसला की सकाळी चहाला घरी असतो. फ्लूची लक्षणं दिसायला संसर्गानंतर एक ते चार दिवस लागतात. गोवराचे पुरळ उठायला साधारण दोन आठवडे जातात आणि पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून तो पसरू लागतो. म्हणजे अंगात ताप भरण्याआधी माणूस घरी पोहोचलेला असतो, बहिणीच्या लेकराला कडेवर घेऊन झालेलं असतं, आठवडी बाजारातून भाजी आणून झालेली असते. विषाणूच्या हिशेबात बीबी शहराच्या बाहेर नाही. ते पुण्याचं, मुंबईचं, संभाजीनगरचं एक लांबचं उपनगर आहे.

मात्र आलेला विषाणू काय करेल, ते रस्ता ठरवत नाही. एकच बी काळ्या कसदार रानात पडलं तर वेगळं उगवतं आणि मुरमाड रानात पडलं तर वेगळं. माणसाचं शरीर हे ते रान. त्याची मशागत रोजची हवा, पाणी, अन्न, ऊन आणि घराची रचना करत असते. याचा सर्वांत भयंकर पुरावा वऱ्हाडाने शंभर वर्षांपूर्वी पाहिला आहे.

१९१८ च्या जून महिन्यात मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. तो इन्फ्लुएंझा होता. पहिली लाट तुलनेने सौम्य गेली. सप्टेंबरमध्ये दुसरी आली, तिने मात्र माणसं झोडपून काढली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. विषाणू तिथून रेल्वेने आत शिरला. भुसावळहून नागपूरकडे जाणारी लोहमार्गाची वाट मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर अंगाने जाते आणि जलंबहून एक फाटा खामगावला येतो. खामगाव ही कापसाची मोठी पेठ. ज्या वाटेने वऱ्हाडचा कापूस मुंबईला जात होता, त्याच वाटेने आजार उलटा आला. आजचा लोणार तालुका तेव्हा मेहकर तालुक्यात होता आणि तिथे रेल्वे नव्हती. तरीही बैलगाडीच्या वेगाने का होईना, आजार गावोगाव पोहोचला.

संपूर्ण हिंदुस्थानात त्या साथीने सव्वा ते दोन कोटींच्या आसपास माणसं नेली, असे अंदाज आहेत. सर्वाधिक फटका बसलेल्या प्रदेशांत मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत-वऱ्हाड होते. विषाणू तर लंडनमध्येही होता आणि न्यूयॉर्कमध्येही. मग इथेच माणसं इतकी का मेली? १९१८ चा पावसाळा बुडाला होता. खरीप हातचं गेलं, धान्याचे भाव चढले, महायुद्धासाठी बाहेर जाणारं धान्य वेगळंच. चारा-पाणी नाही म्हणून दूधदुभतं आटलं. दुसरी लाट आली ती नेमकी या उपाशी शरीरांवर. भारतात त्या साथीत स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त दगावल्या, यातही मला नवल वाटत नाही. घरात सर्वांत शेवटी जेवणारी तीच आणि आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसणारीही तीच.

उपाशीपणाचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध एका साध्या गोष्टीवरून कळतो. श्वासाबरोबर आलेला विषाणू आधी नाकातल्या आणि श्वासनलिकेतल्या चिकट स्रावात अडकतो. त्या स्रावाखालच्या पेशींवर अतिसूक्ष्म लव असते. ती एका लयीत हलत राहते आणि अडकलेलं सगळं वर घशाकडे सरकवते. त्यातून सुटून जे फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतं, त्याला भक्षक पेशी गिळतात. ज्या पेशीत विषाणू शिरलाच, ती इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. एवढ्यात वेळ मिळाला तर आठवडाभरात नेमक्या त्याच विषाणूवर चालणाऱ्या पेशी आणि प्रतिपिंडं तयार होतात. हे सगळं प्रथिनांनी घडतं, जस्त, लोह आणि अ जीवनसत्त्व यांच्या आधाराने चालतं. ताप भरला की शरीराचा खर्च वाढतो. ज्याच्याजवळ शिल्लकच नाही, त्याची ही फौज अर्धवट उभी राहते.

आज १९१८ सारखा दुष्काळ नाही. रेशनचं धान्य आहे, अंगणवाडीत आहार आहे. पण शरीराचं रान नापीक करणाऱ्या दुसऱ्या गोष्टी घरातच बसल्या आहेत आणि त्यांतली पहिली म्हणजे धूर. कपाशी उपटली की पऱ्हाट्यांचा ढीग घरामागे रचला जातो. तुरीच्या तुराट्या असतात, गोवऱ्या असतात. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅस घरोघर पोहोचवला, हे मोठं काम झालं. तरीही आंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून कित्येक घरांत चुलीवरच होते, कारण सिलिंडर पुरवून पुरवून वापरावा लागतो आणि पऱ्हाटी फुकट असते. पावसाळ्यात ओलसर पऱ्हाटी धड पेटत नाही. बाई फुंकणी घेऊन फुंकत राहते, तिचा चेहरा धुरापासून वीतभर अंतरावर. खोलीला एकच दार, कौलातून निघेल तेवढाच धूर बाहेर, आणि लेकरू तिच्या पाठीशी नाहीतर मांडीवर.

त्या धुरातले सर्वांत घातक कण अडीच मायक्रॉनहून बारीक असतात. ते नाकात अडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा कणांची वर्षभराची सरासरी एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असं सुचवलं. आपल्या देशाचं मानक ४० आहे. पेटत्या चुलीच्या खोलीत हा आकडा शेकड्यांत जातो. अशा हवेत ती सूक्ष्म लव मंदावते, काही ठिकाणी झडते. भक्षक पेशी काजळीचे कण गिळतात, पण ते त्यांना पचत नाहीत. काजळीने भरलेली पेशी समोर आलेला जंतू गिळायला कमी पडते. घरातल्या धुरामुळे लहान मुलांमध्ये न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिल्लीच्या हवेवर दर हिवाळ्यात चर्चा झडतात, त्या झडायलाच हव्यात. मात्र हवा मोजणारी बहुतेक यंत्रं शहरांत आहेत. खेड्यातल्या स्वयंपाकघराची हवा कुणी मोजत नाही, म्हणून ती स्वच्छ ठरते.

दुसरी गोष्ट ऑक्टोबरची. या पट्ट्यात सोयाबीन हे मुख्य पीक. सोंगणी झाली की सुड्या लागतात, मग रानोरान थ्रेशर फिरतात. यंत्राच्या एका तोंडातून दाणे, दुसऱ्या तोंडातून कुटार, आणि भोवती माणूस दिसेनासा करणारी पिवळट धूळ. मजुरांच्या तोंडाला फार तर एक दुपट्टा. रात्री खोकला, डोळ्यांची आग, छातीत घरघर, आणि त्यावर ठरलेलं उत्तर, 'धूळ लागली.' या धुळीबद्दल एक जुनी गोष्ट इथल्या प्रत्येक शेतकऱ्याने ऐकायला हवी, आणि ती स्पेनची आहे. १९८१ ते १९८७ या काळात बार्सिलोना शहरात अधूनमधून एखाद्या दिवशी अचानक कित्येक माणसं दम्याच्या झटक्याने दवाखान्यांत धावत. असे २६ दिवस नोंदले गेले. आधी संशय कारखान्यांवर गेला, वाहनांवर गेला. शेवटी संशोधकांनी तारखा जुळवल्या, तेव्हा ते सगळे दिवस बंदरात सोयाबीन उतरवण्याचे निघाले. रुग्णांच्या रक्तात सोयाबीनविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. धान्य साठवायच्या एका कोठाराला धूळ गाळायची सोय नव्हती. गाळण्या बसवल्या आणि साथ थांबली.

बार्सिलोनात त्रास दाण्याच्या टरफलातल्या प्रथिनांचा होता. आपल्या मळणीच्या धुळीत त्याबरोबर शेंगांचा भुगा, माती आणि बुरशीचे बीजाणूही असतात. अशा धुळीने सुजलेल्या श्वासनलिकेत साधा सर्दीचा विषाणूही थेट छातीत उतरतो, कारण दम्याच्या रुग्णांच्या पेशी अनेकदा पुरेसं इंटरफेरॉन वेळेवर सोडत नाहीत. ऑक्टोबरची मळणी आणि दिवाळीला शहरातून येणारी माणसं यांचा मुहूर्त नेमका एकच पडतो.

उन्हाबद्दल थोडक्यात. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये उंदरांना ३६ अंश तापमानात ठेवून फ्लूचा संसर्ग दिला, तेव्हा त्यांची प्रतिकारक्षमता मंदावलेली दिसली. उकाड्याने उंदीर खात कमी होते. त्यांना साखर दिल्यावर ती काही प्रमाणात सुधारली. माणसांवर तसाच प्रयोग करता येत नाही, पण मे महिन्यात चाळीस अंशांवर काम करून जेवणावरची वासना उडालेला मजूर इथे प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. फवारणीच्या विषाचंही तसंच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचा जीव गेला, तेव्हा ते सगळ्यांना दिसलं. थोड्या-थोड्या मात्रेने वर्षानुवर्षं जे अंगात जातं, त्याचा पंचनामा होत नाही.

पर्यावरणाचा घाव विषाणूच्या नावावर कसा खपतो, हे बुलढाणा जिल्ह्याने अगदी अलीकडे दाखवलं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस मुठी-मुठीने गळू लागले. काहींना तीन-चार दिवसांत टक्कल पडलं. बातम्यांत लगेच 'टक्कल व्हायरस' असं नाव आलं. त्या नावाने गावांचं मोठं नुकसान केलं. लोक त्या गावांत जायला बिचकू लागले, पाहुणे यायचे थांबले. खरं तर केसगळतीची ती साथ माणसाकडून माणसाकडे जात असल्याचं दिसत नव्हतं. आरोग्य विभागाने पाणी तपासलं, तर नायट्रेट आणि क्षारांचं प्रमाण जास्त निघालं. हा पट्टा खारपाणपट्ट्यालगतचा, पाण्याचं दुखणं इथे जुनंच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं आली. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः नमुने गोळा करून तपासले आणि रेशनच्या गव्हातलं सेलेनियमचं जास्तीचं प्रमाण हे कारण असल्याचं मांडलं. रुग्णांच्या शरीरात जस्त कमी असल्याचंही त्यांनी नोंदवलं. जस्त हे रोगप्रतिकारक पेशींना लागणारं मूलद्रव्य आहे. केस बहुतेकांचे परत आले. पण आजार नवा दिसला की बोट आधी विषाणूकडे जातं आणि ताटातलं, हंड्यातलं काय बिघडलंय हे पाहायला उशीर होतो, हा धडा त्या गावांनी फार मोठी किंमत देऊन शिकवला.

शहरातही रानाचा कस असाच गल्लीगणिक बदलतो. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणीची पाहणी झाली. झोपडपट्ट्यांतल्या सुमारे ५७ टक्के लोकांमध्ये करोनाची प्रतिपिंडं सापडली, इतर वस्त्यांत सुमारे १६ टक्के. विषाणू एकच, महापालिका एकच. फरक पडला तो घरातल्या माणसांच्या दाटीने आणि अनेक जणांत मिळून एका संडासाने.

गोवंडीची गोष्ट त्याहून कडवट आहे. मुंबईच्या एम-पूर्व विभागातल्या या वस्त्या देवनार कचराभूमीला खेटून आहेत. १९२७ पासून तिथे मुंबईचा कचरा पडतो. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली, तेव्हाचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. मुलांमध्ये कुपोषण, घरांत उजेड-वारा नाही, आणि त्यात करोनाच्या दोन वर्षांत लसीकरण मागे पडलेलं. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे गोवर पेटला आणि लेकरं दगावली. तो भिवंडी, मालेगावातही पोहोचला. मुंबई महापालिकेला सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांसाठीही जादा डोस द्यावा लागला.

गोवराला आपण अंगावर उठणारं पुरळ म्हणून ओळखतो. जुन्या बाया त्याची फारशी काळजीही करत नसत. तो एवढा साधा नाही. गोवर झालेला एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. खरी हानी त्यापुढे होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताची गोवरापूर्वी आणि गोवरानंतर तपासणी झाली. आधीच्या आजारांतून मिळवलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के या मुलांनी गमावली होती. गोवराचा विषाणू प्रतिकारशक्तीची आठवण ज्या पेशींत साठवलेली असते त्यांनाच मारतो. पुरळ ओसरून लेकरू खेळायला लागतं तेव्हा त्याचं शरीर न्यूमोनियाला, जुलाबाला पुन्हा पहिल्यासारखं अनोळखी झालेलं असतं. धुराच्या घरात, अ जीवनसत्त्वाच्या अभावात वाढणाऱ्या लेकरासाठी पुढचं वर्ष-दोन वर्षं फार धोक्याची असतात. म्हणूनच गोवर झालेल्या मुलाला अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठ दोन दिवस देतात.

असं एखादं मूल गोवंडीतून किंवा भिवंडीतून आजोळी आलं, तर बीबी परिसरात त्याला सांभाळणारी यंत्रणा किती? २० फेब्रुवारी २०२४ ला त्याचा अंदाज सगळ्या देशाला आला. लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी हरिनाम सप्ताह होता, एकादशीचा दिवस. भगर आणि आमटीचा प्रसाद खाल्ल्यावर शेकडो लोकांना मळमळ, उलट्या सुरू झाल्या आणि त्यांना बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात आणलं गेलं. खाटा बघता बघता संपल्या. मग रुग्णालयाबाहेर जमिनीवर माणसं झोपवली, झाडांना दोरी बांधली आणि त्या दोरीला सलाइनच्या बाटल्या टांगल्या. सुया टोचणारे डॉक्टर आणि धावाधाव करणारे गावकरी यांनी त्या रात्री जे केलं, त्याला दाद द्यावीच लागेल. पण ती विषबाधा होती, एका दिवसात ओसरली. श्वसनाचा विषाणू आठवडेच्या आठवडे मुक्काम करतो, आणि रुग्णालयातली परिचारिकाही त्यात आजारी पडते. दोरीला सलाइन टांगता येतं, ऑक्सिजन टांगता येत नाही.

शरीराचं रान सुधारायच्या बऱ्याच गोष्टी मात्र गावाला स्वतःच्या बळावर करता येतात. चुलीवर पत्र्याची धुराडी बसवून ती छपराबाहेर काढली, तर धूर पुष्कळ कमी होतो. थ्रेशरवर काम करणाऱ्याला दुपट्ट्याऐवजी एन-९५ मास्क दिला, तर तो थ्रेशरच्या भाड्यापुढे खर्चात मोजायलाही येत नाही. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत द्यायचा असतो. कामासाठी गाव सोडणाऱ्या घरांत नेमका हा दुसरा डोस राहून जातो, कारण पहिला पुण्यात झालेला असतो, कार्ड तिथल्या खोलीवर राहिलेलं असतं आणि आई समजते की आता इथे कुणी देणार नाही. तसं नाही. पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस कुठल्याही सरकारी केंद्रात मिळतो. कार्ड हरवलं आणि आधी डोस झाला की नाही याची खात्रीच नसली, तरी पुन्हा दिलेल्या डोसने लेकराला अपाय होत नाही. दिवाळीला घरं भरलेली असतात, तेव्हा आशाताईंनी बाहेरगावाहून आलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांची वेगळी यादी केली, तर उपकेंद्राच्या पुढच्याच लसीकरण सत्रात ती मुलं बसवता येतात.